चेंबूर ते फोर्ट : टाळेबंदीतील लाल बस

मुंबईत उभे आयुष्य गेले, पण मुंबईचा रस्ता आम्हाला ठाऊक नव्हता, हे कबूल करायला हरकत नाही. चेंबूरच्या वस्तीतून फोर्टातल्या कचेरीपर्यंत आम्ही वर्षानुवर्षे हार्बर लोकलने जात आलो. कुर्ला, वडाळा, शिवडी, कॉटन ग्रीन, मशीद. गाडीतून दिसतात त्या गोदामांच्या पाठी आणि रुळालगतच्या झोपड्या, तेही दारात लटकणाऱ्याला. शीवपासून भायखळ्याकडे जाणारा जो लांब रस्ता बाबासाहेबांच्या नावाने ओळखला जातो, तो आम्ही मिरवणुकीत नाहीतर मोर्चात तुकड्या-तुकड्यांनी पाहिलेला. सलग पाहण्याचा योग आला तो जून २०२० मध्ये, बेस्टच्या लाल बसच्या खिडकीतून, तोंडाला फडके बांधून.

वाचकहो, ते दिवस आठवून पाहा. २२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू झाला आणि त्याच रात्रीपासून लोकल बंद झाली. २६ जुलै २००५ च्या पुरातही लोकल थांबली होती, पण पाणी ओसरताच ती पुन्हा धावू लागली होती. या वेळी तसे नव्हते. रोज ७५ लाखांच्या वर माणसे वाहून नेणारी गाडी कारशेडमध्ये उभी राहिली. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. टीव्हीवर सांगत होते, घरात राहा. ज्याला घर आहे आणि महिनाअखेर ज्याचा पगार बँकेत जमा होतो, त्याला ते ऐकणे सोपे होते.

आमच्या शेजारी आक्का राहतात. परळच्या एका रुग्णालयात त्या आयाबाई. त्यांच्या पलीकडच्या घरातले काका पालिकेच्या कचरागाडीवर. समोरची मुलगी नर्सिंग करून नुकतीच कामाला लागलेली. यांना घरात राहा असे कोणी सांगितले नाही, उलट सुट्ट्या रद्द झाल्या. आक्का पहिल्या दिवशी आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "भाऊ, गाडी बंद. मी जाऊ कशी? चालत परळ गाठू का?"

आम्ही मंडळाची चार पोरे बसवून वस्तीत हिंडलो आणि दवाखाना, सफाई, वीज, पाणी, दूध या कामांवर जाणाऱ्यांची यादी केली. दोन फुलस्केप कागद दोन्ही बाजूंनी भरले. आमची वस्ती म्हणजे काय, हे आम्ही इतकी वर्षे कार्य करूनही त्या दिवशी प्रथम कागदावर पाहिले. मुंबईचा श्वास चालू ठेवणारी निम्मी खाती तिथे होती, फक्त साहेब कोणी नव्हता.

पहाटे आक्कांना नाक्यापर्यंत सोडायला गेलो. सगळा रस्ता मोकळा. भोंगा नाही, रिक्षा नाही, चहावाला नाही. पोलिसांनी हटकले, आक्कांनी ओळखपत्र दाखवले. थोड्या वेळाने अंधारातून बस आली. समोरच्या काचेवर कागद चिकटवलेला : अत्यावश्यक सेवा. बसमध्ये मोजकी माणसे होती. वाहक दारात उभा राहून ओळखपत्र पाहत होता. आमच्याकडे बघून म्हणाला, "दादा, तुम्ही कुठे?" आम्ही म्हटले, फक्त सोडायला आलो. "मग मागे सरका," म्हणाला, आणि दोरी ओढली.

बेस्ट उपक्रमाबद्दल आपल्याकडे दोनच गोष्टी बोलल्या जातात, बस वेळेवर येत नाही आणि उपक्रम तोट्यात आहे. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी, मुंबई महापालिकेने खाजगी कंपनीकडून हा कारभार आपल्या ताब्यात घेतला. वीज आणि वाहतूक हे दोन बैल एकाच जुवाला. टाळेबंदीपूर्वी रोज तीसेक लाख माणसे या बसने जात. जुलै २०१९ मध्ये किमान भाडे ५ रुपयांवर आणले तेव्हा तज्ज्ञ मंडळींनी कपाळाला हात लावला होता. पण लोकल बंद पडल्यावर सगळ्या शहराने या तोट्यातल्या गाडीकडेच हात केला.

आणि त्या गाडीने आपला जुना हिशेब गुंडाळून ठेवला. एरवी बसचा मार्ग आखतात तो स्टेशन, बाजार आणि कचेऱ्या पाहून. आता मार्ग आखले गेले ते कामगार राहतो कुठे आणि रुग्णालय आहे कुठे, एवढेच पाहून. आयाबाई, वॉर्डबॉय, सफाई कामगार, पोलीस यांतले पुष्कळजण मुंबईच्या बाहेर राहतात, कारण आत खोली परवडत नाही. म्हणून शहरात फिरणारी बस कल्याण, विरार, पनवेलपर्यंत जाऊ लागली. एसटीनेही तिला साथ दिली. काही छोट्या बसमधली बाके काढून त्यांच्या रुग्णवाहिका केल्या. मे महिन्यात परप्रांतीय मजुरांसाठी श्रमिक रेल्वेगाड्या सुटू लागल्या, तेव्हा त्या मजुरांना वस्त्यांतून स्टेशनापर्यंत पोचवायलाही हीच लाल बस. चालकाच्या मागे प्लॅस्टिकचा पडदा आला. डेपोत गाडी औषधाने धुतली जाऊ लागली.

८ जून २०२० पासून बस सर्वसामान्यांना खुली झाली. खाजगी कचेऱ्यांना थोडी माणसे बोलावण्याची मुभा मिळाली आणि साहेबांना आठवले की हिशेबाच्या वह्या कारकुनाशिवाय हलत नाहीत. आम्ही निघालो. नियम असा, एका बाकावर एक माणूस आणि उभे फक्त पाच. रांग नाक्यावरून वळून मागच्या गल्लीत गेलेली. दोन बस सोडल्या, तिसरीत जागा मिळाली. खिडकी उघडी, पाऊस भुरभुरता.

सुमननगर, प्रियदर्शनी, एव्हरार्ड नगर. शीवला टिळक रुग्णालयाच्या थांब्यावर अर्धी बस रिकामी झाली. तेव्हा आमच्या ध्यानात आले की हा मार्ग म्हणजे रुग्णालयांची माळ आहे. शीवला टिळक, परळला आत वळले की केईएम, वाडिया आणि टाटा, चिंचपोकळीच्या बाजूला साथीच्या रोगांचे कस्तुरबा, पुढे जे. जे., आणि बोरीबंदरच्या मागे सेंट जॉर्ज. लोकलमधून यातले काही दिसत नाही. बसमधून प्रत्येक थांब्याला डबा हातात घेतलेली, मास्कवर पदर ओढलेली माणसे उतरत होती. कोणी कोणाशी बोलत नव्हते, पण उतरताना पुष्कळजण वाहकाकडे बघून मान हलवत होते.

दादर टीटी आले. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम धावली, पण नाव तसेच राहिले. जवळच हिंदू कॉलनी, तिथे राजगृह. आम्ही मनातल्या मनात हात जोडले. त्या वर्षीची १४ एप्रिल आपण सर्वांनी घरातच साजरी केली होती, नाहीतर हा रस्ता कसा असतो ते सांगायला नको. पुढे हिंदमाताला नेहमीप्रमाणे पाणी साचू लागले होते. रोगराई असो नसो, हिंदमाता आपला नेम चुकवत नाही!

परळला आम्हाला दुसरीच एक साथ आठवली. १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग सुरू झाला आणि माणसे गावाकडे पळाली. त्या प्लेगवर लस शोधणाऱ्या हाफकिन साहेबांच्या नावाची संस्था इथे परळला आहे. प्लेगनंतर १८९८ मध्ये शहर सुधारण्यासाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याने दाट वस्त्या फोडून रुंद रस्ते काढले, कामगारांसाठी चाळी बांधल्या. परळच्या ज्या बी. आय. टी. चाळीत बाबासाहेबांनी रमाईंसह संसार केला, ती चाळ याच ट्रस्टची. आणि जे. जे.च्या पुढे आमची बस ज्या महंमद अली रोडवरून जाते, तो रस्ताही त्यानेच पाडलेला. म्हणजे एका साथीने काढलेल्या रस्त्यावरून आम्ही दुसऱ्या साथीत चाललो होतो. रस्ते रुंद झाले खरे, पण घरे पाडली गेली ती गरिबांचीच, आणि साऱ्यांना बदल्यात चाळ मिळाली नाही, हेही तिथेच आठवले.

पुढचे काही महिने आम्ही त्याच वेळेच्या बसने जात राहिलो. १५ जूनपासून लोकल सुरू झाली, पण ती अत्यावश्यक सेवेसाठीच. आम्हा कारकुनांना ती १ फेब्रुवारी २०२१ ला, तीही ठराविक वेळांत, मोकळी झाली. तोवर बसच होती. त्यामुळे एका वाहकाची चांगली ओळख झाली. मूळचे कोकणातले, आमच्याच वयाचे. वाहकाचे काम म्हणजे गर्दीतून वाट काढत प्रत्येकाच्या जवळ जाणे. 'सुरक्षित अंतर' हा शब्द त्याच्या धंद्याच्या अगदी उलट. शिवाय पाच रुपये भाडे म्हणजे सगळी नाणी, आणि नाणे घ्यायचे म्हणजे शेकडो हातांना हात लावायचा. आम्ही एकदा विचारले, "भीती वाटत नाही का हो, मास्तर?"

ते म्हणाले, "वाटते ना. घरी गेलो की मुलगी लांबूनच बोलते. मीच सांगितलंय तिला. कपडे बाहेर काढतो, अंघोळ करतो, मग आत. पहिले पंधरा दिवस डेपोतच झोपलो."

"मग रजा का नाही घेत?"

"मी रजा घेतली तर ही बाई परळला कशी जाणार?" असे म्हणून त्यांनी आक्कांकडे बोट दाखवले. आक्का खिडकीला डोके टेकून झोपल्या होत्या. जरा थांबून ते हसले, "आणि पगार कापतील, ते वेगळंच."

आम्हाला त्यांचे हे दुसरे वाक्य जास्त खरे वाटले, आणि पहिलेही खोटे वाटले नाही.

इथे भाबडे कौतुक करून चालणार नाही. चालक-वाहकांत लागण झपाट्याने झाली. मे २०२० मध्ये कामगार संघटनांनी सुरक्षेच्या साधनांसाठी आणि उपचारांसाठी काम थांबवण्याचा इशारा दिला होता, तो उगाच नव्हे. कित्येकजण डेपोत परत आलेच नाहीत. त्यांच्या दारावरून दिंडी गेली नाही की चौकात फलक लागला नाही. डॉक्टर-परिचारिकांसाठी देशाने थाळ्या वाजवल्या, बरे झाले. पण वॉर्डात डॉक्टर पोचला तो कोणाच्या गाडीने, हे थाळी वाजवताना किती जणांच्या मनात आले असेल?

पुढे गर्दी वाढली आणि एका बाकावर एक हा नियम थांब्यावरच गळून पडला. बस अपुऱ्या पडल्या, म्हणून जिल्ह्याजिल्ह्यांतून एसटीच्या गाड्या मुंबईत आणल्या. गावाकडचे चालक इथल्या रस्त्यांना नवखे. प्रवासीच त्यांना "मास्तर, आता डावीकडे" असे सांगत. त्यांच्यातही अनेकांना लागण झाली आणि ते आजार घेऊन गावी परतले. नाण्यांचे तर असे झाले की पेट्या भरून वाहिल्या. बँका इतकी नाणी घेईनात, तेव्हा बेस्टच्या कर्मचाऱ्यांना पगाराचा काही भाग नाण्यांत आणि सुट्या नोटांत मिळाला. आमचे वाहकमित्र सांगत होते, "आम्हीच गोळा केली, आम्हालाच परत!"

आता तो काळ मागे पडला. लोकल पूर्वीसारखी भरून वाहते. आम्हीही पुन्हा हार्बरचे पासधारक झालो. परंतु महिन्यातून एकदोनदा मुद्दाम बसने जातो आणि दर वेळी काहीतरी कमी झालेले दिसते. एके काळी बेस्टकडे चार हजारांवर गाड्या होत्या. आज स्वतःच्या मालकीच्या गाड्या हजाराच्याही खाली आल्या आहेत, बाकीच्या भाडेतत्त्वावरच्या. त्यांच्यावरचा चालक कंत्राटदाराचा. ऑगस्ट २०२३ मध्ये या कंत्राटी चालकांनी पगारवाढीसाठी संप केला, तेव्हा कितीतरी मार्गांवर बस आलीच नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये जुन्या लाल डबलडेकर रस्त्यावरून गेल्या. ९ मे २०२५ पासून साध्या बसचे किमान भाडे ५ चे १० झाले आणि वातानुकूलित बसचे ६ चे १२. कारकुनी डोक्याने हिशेब केला : आक्कांना जाऊन-येऊन महिन्याला किती जास्त पडतात तो. त्यांना आम्ही आकडा सांगितला नाही. त्यांनी तो आधीच केला होता.

गेल्या आठवड्यात पहाटे नाक्यावर आक्का भेटल्या. निवृत्तीला थोडेच दिवस उरलेत. रांगेत त्यांच्या पुढे बरीच माणसे होती, मागेही होती. एक बस भरून आली, न थांबता गेली. दुसरीची वाट पाहत आम्ही दोघे उभे होतो. त्या म्हणाल्या, "तेव्हा बरी होती, भाऊ. रिकामी यायची आणि वेळेवर यायची." मग स्वतःच दचकून म्हणाल्या, "असं बोलू नये म्हणा. कसले दिवस होते ते." एवढ्यात बस आली. आक्कांनी डब्याची पिशवी काखेत मारली आणि दांड्याला धरून वर चढल्या. आम्हाला काही पायरीवर जागा मिळाली नाही. आम्ही स्टेशनकडे वळलो.