पंधरांचे तेरा

इंग्रजी कविता मराठींतून समजावून सांगण्यांत माझें निम्में आयुष्य गेलें. भाषांतराच्या खटपटी मला नवीन नाहींत. पण लोखंडालाही भाषांतरकार लागतो, हें वसईच्या पूर्वेस सातिवलीच्या एका गाळ्यांत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें मला दाखविलें.

त्याच्यापाशीं एक जुनी विलायती मोटार आहे: दोनच माणसांची, बुटकी, उघड्या टपाची एम्. जी. मिजेट. तिचें मूळचें एंजिन थकलें, तेव्हां त्यानें तिच्यांत एका जपानी गाडीचें एंजिन, गिअरबॉक्स आणि वेगाची तबकडी बसविली. मागचा आंस आणि चाकें मात्र विलायतीच राहिलीं. नोंदणी अधिकाऱ्याच्या संमतीवांचून असा बदल 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाला मान्य नाहीं. ती संमति येईपर्यंत गाडी अंगणांतच उभी.

"सर, हिच्यांत कोणीच खोटें बोलत नाहीं," तो म्हणाला, "तरी आंकडा खोटा येतो."

गोष्ट अशी. गिअरबॉक्सच्या शेपटाशीं एक सेन्सर असतो. तेथील बारीक दांड्याच्या प्रत्येक फेऱ्यास तो विजेचे चार ठोके देतो. जपानी प्रमाणानुसार हा दांडा किलोमीटरला 637 फेरे घेतो, म्हणजे ठोके 2,548. तबकडी हेंच गणित पाठ करून आलेली. पण विलायती आंसाचे दांते निराळे आणि चाकें लहान. त्यानें टायरवर खडूची खूण केली, आणि आम्ही दोघांनीं गाडी ढकलीत चाकाचे वीस फेरे मोजले. (पन्नाशी उलटल्यावर मोटार ढकलण्याचा योग पत्रिकेंतच असावा लागतो.) सेन्सर एड्विन हॉलनें 1879 सालीं शोधलेल्या तत्त्वावरचा, म्हणून इतक्या मंद चालीलाही बोलला, चुंबक-वेटोळ्याचा असता तर त्याला कंठच फुटला नसता. अंतर भरलें 35 मीटर, ठोके पडले 103. किलोमीटरला सुमारें 2,940. तेरांच्या जागीं पंधरा! खरा वेग ताशीं 52 असतां कांटा 60 सांगणार.

"मग बिघडलें कोठें?" मीं विचारलें. "सावधपणाच्या बाजूलाच झुकतें आहे कीं!" संयुक्त राष्ट्रांचा 39 वा मोटार-नियमही कांहींसा माझ्या बाजूचा होता. कांट्यानें खऱ्याहून कमी कधींच दाखवूं नये. अधिक मात्र दहावा हिस्सा आणि वर चार इतकें चालेल. म्हणजे 52 ला 61 पर्यंतची बढाई क्षम्य. ऐंशीपाशीं मात्र आमची गाडी ती सीमा ओलांडते.

त्याला तो युक्तिवाद रुचला नाहीं. एंजिनाचा संगणक तेच ठोके ऐकतो, आणि गाडी चालते आहे कीं थांबली, हें त्यांवरूनच ठरवितो. पुष्कळ जपानी गाड्यांना ताशीं 180 ची वेसण असते. ती येथें 156 लाच ओढली जाईल. शिवाय तेरा किलोमीटर गेल्यावर पंधरांची नोंद व्हायची.

उपाय म्हणजे काड्यापेटीएवढी एक डबी. पंधरांतले दोन ठोके नुसते गाळले तर मध्यें पोकळी राहून कांटा थरथरतो. म्हणून डबी दोन ठोक्यांमधला काळ मोजते, तो पंधरा-तेरांच्या पटीनें ताणते आणि नवे ठोके स्वतः देते. ती नेहमीं क्षणभर मागचेंच सांगत असते. शब्द गाळून भाषांतर उरकणारे विद्यार्थी मला आठवले. वाक्य पुरतें ऐकून तें पुन्हां आपल्या चालीनें बोलणारे फार थोडे.

आम्ही बोलत असतांनाच महामार्गावरून एक गृहस्थ आले. त्यांच्या मालमोटारी होत्या. 1989 च्या नियमांपैकीं 118 व्या नियमाप्रमाणें बहुतेक मालवाहू वाहनांवर ताशीं 80 ची मर्यादा घालणारें यंत्र लागतें, आणि त्यांच्या गाड्यांवरचें यंत्रही ठोकेच मोजणारें. गृहस्थांना अशीच डबी हवी होती, पण उलट्या कामाची: गाडी शंभरानें धांवावी, यंत्राला ऐंशी ऐकूं यावें. एका डबीस त्यांनीं सांगितलेली रक्कम गाळ्याच्या दोन महिन्यांच्या भाड्याहून मोठी होती, आणि भाडें थकलेलें होतें, हें मला ठाऊक होतें.

"तसली डबी मी करीत नाहीं," तो म्हणाला. करतां येत नाहीं, असें म्हणून त्याला सहज सुटतां आलें असतें. गृहस्थ थोडा वेळ थांबले, दुसऱ्या गाळ्याचा पत्ता विचारूं लागले. तोही त्यानें दिला नाहीं.

मग त्यानें आपल्या डबीवर पांढरी पट्टी चिकटविली आणि तीवर शाईनें लिहिलें: आंत 15, बाहेर 13. पुढें कोणी मिस्त्रीनें ही गाडी उघडली तर त्याला शोधीत बसावें लागूं नये, म्हणून.