'आमुचं' या शब्दावर थांबा

'जिणं आमुचं' हे नाव आपण भाषणात शंभरदा घेतो. बेबीताई कांबळेंची दुःखाची कहाणी म्हणून त्याची ओळख करून देतो. आमचा याला सरळ आक्षेप आहे. बेबीताईंनी स्वतःचं सर्वांत खाजगी दुःख त्या पुस्तकात लिहिलंच नाही!

1929 साली वीरगावला जन्म, फलटणच्या शाळेत सवर्ण मुलींकडून विटाळ, तेराव्या वर्षी लग्न. पुढे नवऱ्याबरोबर किराणा दुकान. पुड्या बांधायला आलेल्या रद्दीतले कागद त्या वाचत. वाचता वाचता लिहू लागल्या, तेही चोरून. लिहिलेलं वीस वर्षं घरात दडवून ठेवलं. 1982मध्ये ते 'स्त्री' मासिकात क्रमशः आलं आणि 1986मध्ये त्याचं पुस्तक झालं.

नवरा संशय घेई, मारहाण करी. हे त्यांनी इंग्रजी अनुवादक माया पंडित यांना मुलाखतीत सांगितलं. मग पुस्तकात का नाही? घरोघरच्या बाया तेच सोसत होत्या, त्यात आपलं वेगळं काय सांगायचं, असा त्यांचा विचार. म्हणून 'माझं' नाही, 'आमुचं'. समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला हे पुस्तक 'दुहेरी शोषण' या टिपेपुरतं भेटलं होतं. वीस वर्षं दडवलेल्या कागदांना दोन शब्दांचं लेबल!

लिहिण्याची प्रेरणा बाबासाहेबच. मेलेलं जनावर खाऊ नका, मुलांना शिकवा, हे जेजुरीचं भाषण ऐकून महारवाडा कसा ढवळून निघाला, ते त्यांनी लिहिलंय. पण बाबासाहेबांकडून त्यांनी नुसतं गुणगान घेतलं नाही, स्वतःच्या घराकडेही बोट दाखवण्याची हिंमत घेतली. गावकीवर जेवढा राग, तेवढाच कोवळ्या सुनेला छळणाऱ्या सासूवर आणि संशयावरून बाईचं नाक कापणाऱ्या आपल्याच पुरुषांवर. शिकून, नोकरी मिळवून वस्तीकडे पाठ फिरवणाऱ्यांनाही त्यांनी सोडलं नाही. (ही पानं आपल्या व्याख्यानांत सहसा येत नाहीत, का बरं?)

आम्ही वस्त्यांमध्ये बायकांच्या बैठका घेतो. नवऱ्याच्या माराचा विषय निघाला की एखादा कार्यकर्ता हमखास म्हणतो, "घरातलं बाहेर नको, चळवळीची बदनामी होते." फलटणच्या दुकानदार बाईने चळवळीची बदनामी केली का? ती तर फलटणजवळ गोरगरीब मुलांसाठी निवासी शाळा चालवत होती. 2012मध्ये ती गेली. आपल्यातले किती जण ती शाळा बघायला गेले?

येत्या 6 डिसेंबरच्या वाचनासाठी आम्ही सुनांची आणि नाक कापल्याची पानंच निवडली आहेत. कार्यकर्त्यांनी सहकुटुंब यावं. वाचायला पुस्तक मात्र घरातल्या बाईच्या हातात द्यायचं, आपण समोर बसून ऐकायचं. जयभीम.