हवेचे मोल

पंचमहाभूतांपैकी बहुतेकांना मनुष्याने केव्हाच बाजारात आणून बसविले आहे. पृथ्वीचे तुकडे पाडून तिची गुंठ्यागुंठ्याने विक्री करावयास तो फार पूर्वी शिकला. तेजाचे देयक वीज कंपनीकडून दरमहा घरपोच येते. पाणी बाटलीत भरून विकले जाते, आणि ती बाटली विकत घेताना आता कोणाला संकोचही वाटत नाही. आकाश तेवढे ह्या व्यवहारातून सुटले असेल अशी भाबडी समजूत होती. परंतु दूरध्वनीच्या लहरींसाठी भारत सरकारने २०१० साली लिलाव पुकारला, तेव्हा आकाशालाही बोली लागते हे कळून चुकले. राहता राहिला वायू. त्याचे मोल काय असते ते २०२१ च्या उन्हाळ्यात, प्राणवायूच्या नळकांड्यांसाठी धावाधाव करणाऱ्या घराघरांनी पाहिले. पण तो आपत्काल होता. निवांत दिवशी, भर रस्त्यावर, धडधाकट माणसाने साध्या हवेसाठी खिशात हात घालावा की नाही, हा प्रश्न मात्र पेट्रोल पंपावर उभे राहिल्याखेरीज सहसा कोणास पडत नाही.

प्रश्न क्षुल्लक दिसतो. मोटारीच्या चाकांत हवा भरावयाची, त्यासाठी कोणी दहा-वीस रुपये मागितले, आपण दिले किंवा न दिले, एवढीच ही गोष्ट. तथापि क्षुल्लक नाण्यांच्या देवघेवीतच मनुष्याची धर्मबुद्धी अधिक स्पष्ट दिसते. मोठ्या रकमांच्या वेळी आपण सारेच सावध असतो.

आधी ह्या हवेचे कार्य काय ते पाहू. बाराशे किलो वजनाची मोटार चार चाकांवर उभी असते असे आपण म्हणतो. वस्तुतः ती हवेवर उभी असते. प्रत्येक चाकावर सुमारे तीनशे किलोंचा भार येतो, आणि चाकाचा रस्त्याला टेकणारा भाग पाहू गेल्यास जेमतेम तळहाताएवढा! दर चौरस इंचास तीस-बत्तीस पौंड अशा दाबाने आत कोंडलेली हवा हा भार तोलून धरते. टायर कितीही चांगला असला तरी महिन्याकाठी सुमारे एक पौंड हवा त्यातून हळूच निसटते. ती वेळच्या वेळी पुरी केली नाही, तर टायरच्या कुशी प्रत्येक फेऱ्यासरशी अधिक दुमडतात, त्या दुमडण्याने रबर तापते, आणि लांबच्या वेगवान प्रवासात ते तापता तापता एखाद्या क्षणी फुटते. मुंबई ते नागपूर असा ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग २०२२ च्या डिसेंबरपासून टप्प्याटप्प्याने खुला होऊन २०२५ च्या जूनमध्ये पूर्ण झाला. त्या सरळ, तापणाऱ्या, न संपणाऱ्या रस्त्यावर टायर फुटून झालेल्या अपघातांच्या वार्ता आपण वाचल्या आहेत. चाकातील हवा ही चैनीची वस्तू नव्हे, हे सांगावयास आणखी पुराव्याची आवश्यकता नाही.

ह्या हवेच्या चाकाचा इतिहासही मोठा मनोवेधक आहे. रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसाने १८४५ साली अशा चाकाचे एकस्व मिळविले; पण त्या काळी रस्त्यावर ना मोटारी होत्या, ना सायकलींची गर्दी. त्याची कल्पना व्यवहारात रुजली नाही आणि लोक तिला विसरले. पुढे बेलफास्ट येथे जनावरांचे डॉक्टर असलेल्या जॉन बॉइड डनलॉप ह्यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीचे हादरे कमी करण्यासाठी हीच युक्ती स्वतंत्रपणे योजिली आणि १८८८ साली तिचे एकस्व घेतले. थॉमसनची जुनी नोंद उजेडात आल्यावर डनलॉपचे एकस्व रद्द झाले, परंतु नाव मात्र त्याचेच राहिले. सांगावयाचे ते एवढेच की, ज्या वस्तूने सबंध जगाला गती दिली ती एका बापाच्या वात्सल्यातून पुन्हा जन्मास आली.

पाश्चात्त्य देशांत हवेचा हा व्यवहार यंत्राच्या स्वाधीन आहे. माझा एक भाचा अमेरिकेत आहे. तेथील अनेक पंपांवर कोपऱ्यात एक पेटी उभी असते. तिच्यात नाणी टाकली, अथवा बँकेचे कार्ड लावले, की काही मिनिटे घरघर चालते आणि वेळ संपताच बंद पडते. तेवढ्या वेळात चारही चाके उरकावयाची म्हणजे मोटारीभोवती चक्क प्रदक्षिणाच घालावी लागते, आणि तीही धावत! कॅलिफोर्निया राज्याने मात्र १९९९ साली कायदा करून, इंधन विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकास हवा, पाणी व दाब मोजण्याचे साधन विनामूल्य दिले पाहिजे असे ठरविले. इंग्लंडातही ह्या यंत्रात नाणे टाकावे लागते. एक पौंड देऊन चाकात चार पौंड भरून घ्यावयाचे, हा तेथील भाव ऐकून मला गंमत वाटली.

आपल्याकडे नियम उदार आहे. तेल कंपन्यांनी आपल्या विक्रेत्यांना घालून दिलेल्या शिस्तीनुसार पंपावर हवा, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह व प्रथमोपचाराची पेटी ह्या सोयी विनामूल्य असावयास हव्यात, आणि तक्रारीची वही मागताच मिळावयास हवी. ‘हवा मोफत’ असा फलकही बहुतेक ठिकाणी असतो. फलकाखाली काय घडते ते मात्र ठिकठिकाणी वेगळे. कोठे यंत्र बंद असते, कोठे नळी फाटलेली असते, कोठे माणूसच जागेवर नसतो. आणि जेथे यंत्र, नळी व माणूस ही तिन्ही एकत्र भेटतात, तेथे काम झाल्यावर तो माणूस काही न बोलता खिडकीपाशी घुटमळत राहतो. ते घुटमळणे हीच त्याची मागणी.

बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ला घाट उतरून साखळी, डिचोली, फोंडा अशा वाटेने कुलदेवतेच्या दर्शनास जाणारी आमच्याकडची कुटुंबे पुष्कळ आहेत. कोणाची कवळ्याची शांतादुर्गा, कोणाचा मंगेश, कोणाची म्हार्दोळची म्हाळसा. गतवर्षी मीही त्याच वाटेने निघालो असता एका पंपावर हवेसाठी थांबलो. माझ्यापुढे माणसांनी गच्च भरलेली एक जुनी जीप उभी होती. मागच्या आसनावर एक वृद्ध बाई ओटीचे सामान मांडीवर सांभाळून बसल्या होत्या. भारामुळे मागच्या दोन्ही चाकांच्या कुशी अगदी बसल्या होत्या. हवा भरणाऱ्या पोराने आधीच सांगितले, “वीस रुपये होतील.” चालक उसळून म्हणाला, “हवेला कसले पैसे मागतोस रे? वरचा बोर्ड वाच की!” पोरगा शांतपणे म्हणाला, “बोर्ड मालकाचा आहे, साहेब. मला इथे पगार नाही. तुम्ही लोक देता त्यावरच माझे चालते.” चालकाने दोन शब्द अधिक सुनावले, गाडीचे दार आपटले, आणि मी खाली उतरून काही बोलण्याच्या आत जीप तशीच, बसलेल्या चाकांनिशी, घाटाच्या दिशेने निघूनही गेली.

त्या दोघांपैकी चूक कोणाची, ह्याचा मी घाटातील प्रत्येक वळणावर विचार करीत होतो. चालकाचे म्हणणे नियमास धरून होते. नियमाने जे मोफत आहे त्याचे पैसे त्याने का द्यावे? पोराचे म्हणणे न्यायास धरून होते. दिवसभर उन्हात वाकून चाकांपाशी बसणाऱ्याने फुकट का राबावे? दोघेही आपापल्या जागी खरे होते, आणि दोघांच्या खरेपणात ती जीप मात्र हवेवाचून घाट उतरत होती. त्या पोराला वेतन न देता वर उदारतेचा फलक लावणारा जो तिसरा इसम, तो ह्या भांडणात कोठेच नव्हता.

माझ्या लहानपणी, साठाच्या दशकात, आमच्या गल्लीच्या तोंडाशी सायकलीचे एक दुकान होते. भाड्याच्या सायकली, पंक्चर, तेलपाणी असा त्याचा पसारा. दाराशी एक उंच हातपंप टेकवून ठेवलेला असे. दुकानदाराचा नियम एका वाक्याचा होता: तुम्ही स्वतः पंप मारलात तर काही नाही, मी मारला तर पाच पैसे. आम्ही मुले दोन्ही हातांनी दांडा धरून, अंगातील सारा जोर लावून उड्या मारीत हवा भरत असू आणि पाच पैशांची चिंच घेत असू. वयोवृद्ध गृहस्थ मात्र निमूटपणे नाणे काढून देत. त्या अल्पशिक्षित माणसाने एक सूक्ष्म विवेक किती सहज करून ठेवला होता! हवा देवाची, तिला मोल नाही. पंप माझा, तो वापरा. पण श्रम ज्याचे त्याला त्यांचे दाम मिळालेच पाहिजे. एवढ्या पारदर्शक व्यवहारात कोणाला कोणाचा राग येण्यास जागाच नव्हती.

आपल्या देवस्थानांची जुनी घडीही अशीच नव्हती काय? गोमंतकातील देवळांच्या अग्रशाळांतून पिढ्यान्‌पिढ्या महाजन व कुळावी उतरत आले. वैशाखात वाटसरूंसाठी पाणपोया घालावयाच्या, अक्षय्य तृतीयेला उदककुंभाचे दान करावयाचे, हा आपला आचार. पाणपोईवर तहानेल्याकडून कोणी पैसा घेतला नाही. पण म्हणून ते पाणी आपोआप रांजणात येऊन पडत होते काय? विहिरीवरून घागरी वाहून आणणारा कोणी असे, आणि ज्याने पाणपोई घातली तो यजमान त्या माणसाचे वेतन स्वतःच्या गाठीचे देई. देवळात झाडलोट करणारे, दिवे लावणारे, वाजंत्री वाजविणारे ह्या साऱ्यांच्या योगक्षेमासाठी जमिनी व वतने लावून दिलेली असत. त्या व्यवस्थेत दोष नव्हते असे मी म्हणणार नाही, पुष्कळ होते. परंतु एक तत्त्व तिच्यात निश्चित होते: घेणाऱ्यास जे विनामूल्य, त्याचे मूल्य दुसऱ्या कोणीतरी आधीच जाणूनबुजून चुकविलेले असते. दान ह्या शब्दाचा अर्थच तो. ज्याचे मूल्य कोणीच चुकविले नाही आणि जे एखाद्या दुर्बळाच्या पाठीवरून ओढून आणले, ते दान नव्हे.

ह्या कसोटीला ‘हवा मोफत’ हा फलक लावून पाहावा. मालक जर यंत्राची वीज, नळीची दुरुस्ती व हवा भरणाऱ्याचे वेतन हा खर्च इंधनाच्या विक्रीवर मिळणाऱ्या अडतीतून भागवीत असेल, तर तो फलक खरा आणि ती सोय पाणपोईच्या पंक्तीत बसणारी. तो जर पोराला वाऱ्यावर सोडून गिऱ्हाइकाच्या दयेवर ठेवीत असेल, तर दातृत्वाचा मान मालकाकडे, लाजिरवाणी मागणी पोराकडे आणि मनस्ताप गिऱ्हाइकाकडे, अशी ती विभागणी होते.

अलीकडे ह्या व्यवहारात नायट्रोजन नावाचा एक सभ्य पाहुणा आला आहे. साधी हवा मोफत, परंतु नायट्रोजन हवा असल्यास दर चाकामागे अमुक रुपये. त्याचे गुण अगदीच खोटे नाहीत. तो कोरडा असतो आणि रबरातून किंचित सावकाश निसटतो. विमानांच्या चाकांत तर तोच भरावयास हवा. मेक्सिकोत १९८६ साली उड्डाणानंतर तापलेल्या ब्रेकमुळे साध्या हवेने भरलेला टायर फुटून विमान कोसळले व १६७ माणसे प्राणास मुकली. पण आपली मोटार काही आकाशात जात नाही. शिवाय आपण श्वासावाटे घेतो त्या हवेतही शेकडा ७८ भाग नायट्रोजनच आहे. तेव्हा ज्याला तो घ्यावयाचा त्याने खुशाल घ्यावा. मात्र त्याच्या नावाखाली साध्या हवेचे यंत्र कायम ‘बिघडलेले’ ठेवणे म्हणजे पाणपोईचा रांजण उपडा करून शेजारी सरबताची गाडी लावण्यासारखे होय.

माझे मत विचाराल तर हवा विनामूल्यच असावी. ज्या गोष्टीच्या अभावी केवळ तिच्या मालकाचेच नव्हे, तर समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाचेही प्राण संकटात येतात, तिच्या वाटेत वीस रुपयांचाही अडसर नको. हवा कमी असलेल्या चाकामुळे इंधन अधिक जळते, म्हणजे तोटा अखेर देशाचाही होतो. परंतु विनामूल्य याचा अर्थ त्या पोराचे श्रम बेमोल असा नव्हे. त्याचे वेतन मालकाने द्यावे, तेल कंपनीने ते दिले जाते की नाही हे पाहावे, आणि नियम मोडल्यास आपण तक्रारीची वही मागून त्याविरुद्ध लिहावे. मात्र लिहिताना पोराच्या नावावर बोट न ठेवता व्यवस्थेवर ठेवावे. हे सारे घडेपर्यंत मी काय करतो? मी भाव करीत नाही. गाडीच्या दारालगतच्या पट्टीवर छापलेला दाबाचा आकडा त्याला सांगतो, चाके थंड असतानाच हवा भरून घेतो, सुटे चाकही तपासावयास सांगतो, आणि निघताना त्याच्या हातावर काही ठेवतो. ती हवेची किंमत नव्हे. उन्हात चार वेळा वाकलेल्या पाठीचे ते देणे आहे, आणि देवदर्शनाला निघालेल्या माणसाने वाटेत कोणाचे देणे ठेवून पुढे जाऊ नये.