दुसऱ्याचा दम

पोहायला शिकवणाऱ्या माणसाचा घसा बसलेलाच असतो. एप्रिल-मे महिन्यांत पहाटे साडेपाचपासून एकापाठोपाठ बॅचेस, एकेका बॅचला तीस-चाळीस पोरं, वर पत्रा आणि पत्र्याखाली घुमणारा पाण्याचा नि पोरांचा कालवा. त्यात "गुडघा वाकवू नको! तोंड पाण्यात! अगं, श्वास सोड आधी!" असं ओरडत राहायचं. संध्याकाळी घरी खुणेनंच चहा मागावा लागतो. त्यामुळे जूनमध्ये पाऊस लागला, बॅचेस संपल्या, तरी सरांचा आवाज सुटेना, याचं आम्हां कुणालाच काही वाटलं नाही. सर हळद-मिठाच्या गुळण्या करत होते. काकू ज्येष्ठमध चघळायला देत होत्या. बघता बघता गणपती आले आणि गेले.

तीन आठवड्यांच्या वर आवाज बसलेला राहिला, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं. हे एवढंसं वाक्य. मी ते आता दर उन्हाळ्यात माझ्या हाताखालच्या मुलांना ऐकवते आणि ती कंटाळतात. सर विडी ओढायचे, हे आम्हांला ठाऊक होतं. फिल्टरच्या खोलीमागं जाऊन ओढायचे आणि येताना बडीशेप खाऊन यायचे. आम्ही बडीशेपेचा वास आला की हसायचो.

सर मूळचे नदीच्या घाटावरचे. तलाव बांधायच्या आधी सांगलीत पोहणं शिकायचं म्हणजे पाठीला भोपळा किंवा डबा बांधून कृष्णेत उतरायचं. पूर आला की आयर्विन पुलावरून मुटका मारणाऱ्या टोळीत सर होते. आता नदीत पोरं फारशी दिसत नाहीत. मगरी वाढल्या आणि पालकांची भीतीही वाढली. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विनपाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. तेव्हा साठी उलटलेले सर कमरेला दोर बांधून छातीभर पाण्यातून लोकांना होडीपर्यंत आणत होते. मी काठावर दोर धरून होते. वर आल्यावर त्यांना धापही लागली नव्हती. म्हणून तपासणीत कॅन्सर निघाल्यावर डॉक्टर "स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल" म्हणाले, तेव्हा माझ्या डोक्यात पहिला प्रश्न आवाजाचा आलाच नाही. मी विचारलं, "मग श्वास?"

त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. स्वरयंत्र काढलं की श्वासनलिका गळ्याच्या पुढच्या बाजूला, कॉलरच्या बटणापाशी, त्वचेला जोडतात. तिथं एक कायमचं भोक राहतं. पुढचं सगळं आयुष्य श्वास तिथूनच. नाकाचा आणि तोंडाचा फुफ्फुसांशी संबंध संपतो. वास नीट येत नाही. गरम चहावर फुंकर मारता येत नाही. त्या भोकात पाणी गेलं तर ते थेट फुफ्फुसात, मध्ये अडवायला काही नाही.

सर चित्राकडं बघत होते. मग बसक्या आवाजात म्हणाले, "म्हणजे गळ्याच्या वर पाणी नको." डॉक्टर म्हणाले, "छातीच्यासुद्धा नको." पन्नास वर्षं पोहलेल्या माणसाला हे सांगताना डॉक्टरांना तो माणूस कोण आहे याची कल्पना नव्हती. आम्हीही सांगितली नाही.

शस्त्रक्रियेचा खर्च शासकीय योजनेतून निघाला. पण मुंबईत राहणं, जाणं-येणं, नळीतून द्यायचं अन्न, घरी लागणारं सक्शन मशीन याला योजना नसते. हंगामी मानधनावर आयुष्य काढलेल्या प्रशिक्षकाला पेन्शनही नसते. जुन्या विद्यार्थ्यांचा एक गट झाला. पैसे जमले, माझ्या अपेक्षेपेक्षा लवकर. माणसं जमवणं अवघड गेलं. रात्रीची पाळी कुणाची, याची वही मी केली. आमच्यात सगळ्यांत वेगवान पोहणारा, ज्याला सरांनी पदरमोड करून स्पर्धांना नेलं होतं, तो एकदाही आला नाही. अजूनही रस्त्यात भेटला की पावसापाण्याचं बोलतो.

दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत काकू आणि मी राहिलो. देशभरातून आलेली कॅन्सरची माणसं तिथं राहतात. जिन्यावर, कठड्यावर वाळत घातलेल्या टॉवेलांकडं बघून मला उगाच तलावाची आठवण यायची. रात्री झोप यायची नाही, तेव्हा मी फोनवर टेरी लॉफलिनबद्दल वाचायची. 'टोटल इमर्शन' ही पोहायला शिकवण्याची पद्धत काढणारा हा अमेरिकन प्रशिक्षक. हातपाय मारण्याआधी पाण्यात तोल सावरायला शिका, हे त्याचं सांगणं. सर त्याचं नाव न ऐकताच तेच शिकवत आले. त्याला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला, तो पसरला, आणि 2017 मध्ये तो गेला. आजारपणातही तो पोहत राहिला. पहिल्या रात्री हे वाचून बरं वाटलं. दुसऱ्या रात्री मला त्याचा राग आला. त्याच्या आजारानं त्याला पाणी तरी ठेवलं होतं.

शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी सरांनी पाटी मागितली. पाणी मागतील, काकूंना बोलवायला सांगतील, असं वाटलं होतं. त्यांनी लिहिलं, 37.33.

सिस्टरना वाटलं, ताप विचारतायत का. मला कळलं. आमच्या जिल्ह्यातल्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर गेलं आणि 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलला सुवर्णपदक, वेळ 37.33 सेकंद. कुणी दमलो म्हणालं की सर हा आकडा ऐकवायचे. इतक्या वेळा, की पोरं पाठीमागं सरांनाच 'सदतीस तेहतीस' म्हणायची. ते सरांना माहीत आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

गळ्यातल्या नळीत कफ साठतो. आपण खाकरून गिळतो किंवा थुंकतो. त्यांना ते जमत नाही, बाहेरून बारीक नळी घालून ओढून काढावा लागतो. वॉर्डातल्या मल्याळी सिस्टरनी मला ते शिकवलं. हात धुवायचे, नळी घालताना ओढ बंद ठेवायची, बाहेर काढताना चालू करायची, फिरवत फिरवत काढायची. शेवटी त्या म्हणाल्या, "नळी आत असेपर्यंत तुम्ही पण श्वास धरा. तुम्हाला घुसमटलं म्हणजे पेशंटला घुसमटलं. लगेच बाहेर." मला ही युक्ती फार आवडली. कुणाही नातेवाइकाला घड्याळ न बघता जमेल अशी.

दुसऱ्या रात्री मी एकटी होते. कफ चिकट होता, निघत नव्हता. मी श्वास धरला, नळी घातली आणि शांतपणे काम करत राहिले. मला काहीच होत नव्हतं. घाई कसली? सरांचा हात माझ्या मनगटावर आपटला तेव्हा मी वर बघितलं. डोळे बाहेर आलेले, ओठ निळसर. मी नळी ओढली. सर खोकले, गळ्यातून शिट्टीसारखा आवाज करत हवा आत गेली.

मी दोन मिनिटं दम धरू शकते. सरांनीच शिकवलं होतं, तळाला टाकलेली नाणी वेचायला लावून. सिस्टरचा नियम साध्या फुफ्फुसांच्या माणसासाठी होता आणि मी माझा दम मोजत बसले होते. सकाळी त्यांना सांगितलं तेव्हा त्या क्षणभर गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "दहा सेकंद. तुम्ही अंक मोजा." पुढं पाच महिने मी एक ते दहा मोजत होते. मोठ्यानं, सरांना ऐकू जाईल असं. सातला त्यांची भुवई वर जायची, तर मी सातला थांबायची.

त्या रात्रीपासून मला माझ्या बॅचमधल्या बायका वेगळ्या दिसायला लागल्या. चाळिशीतली, पहिल्यांदा पाण्यात उतरलेली बाई दोन सेकंदांत तोंड वर काढते. मी इतकी वर्षं तिला म्हणत होते, "अहो, काही होत नाही, अजून थोडं." काही होत नाही, हे कुणाच्या छातीवरून ठरवलं होतं मी?

शेक सुरू झाले. रेडिएशनला आमच्याकडं शेकच म्हणतात. आठवड्याला पाच असे तीस. चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा मुखवटा घालून टेबलाला जखडतात. तेवढी मिनिटं हलायचं नाही. सर लिहायचे, "बॅकस्ट्रोक. छत बघायचं." त्वचा काळी पडली, गिळताना निखारे गेल्यासारखं व्हायला लागलं.

याच दिवसांत मी सगळ्यांत जास्त चुकले. पाटीवर लिहायला वेळ लागतो, समोरचा डॉक्टर घाईत असतो. सरांनी "काल रात्री" एवढं लिहिलं की मी पुढचं बोलून टाकायची: "काल रात्री दुखत होतं त्यांना, झोप नाही." बहुतेकदा ते बरोबर असायचं. मला त्याचा थोडा अभिमानही वाटायला लागला होता. रात्रभर बसून काय काय शोधायची मी! युरोपात स्वरयंत्र काढलेल्यांना पोहण्यासाठी एक नळी मिळते, गळ्यातल्या भोकात घट्ट बसवून दुसरं टोक तोंडाशी आणायचं; तिची माहिती छापून नेली. बंगळुरूच्या डॉ. विशाल राव यांनी 50 रुपयांत मिळेल अशी बोलण्याची झडप तयार केली, तिचं कात्रण नेलं. झडपेबद्दल डॉक्टर म्हणाले, शेक संपू दे, मग बघू. पोहायच्या नळीचा कागद सरांनी घडी घालून उशीखाली ठेवला.

एक दिवस सरांनी "मला" लिहिलं आणि मी डॉक्टरांना म्हणाले, "त्यांना घरी जायचंय." सरांनी खडू फेकून मारला. बोटभर उरलेला तुकडा, कपाळाला लागला. मग दुसरा खडू घेऊन त्यांनी पाटी पुसली आणि लिहिलं, "बोटं उघड."

सर हाताखालच्या पोरांना पहिल्या दिवशी हे सांगायचे. नवशिक्याला पाठीवर तरंगायला शिकवताना आपला हात त्याच्या पाठीखाली हवा, तळवा उघडा. "बोटं मिटलीस की तू त्याला धरलंस. धरलं की तो तुझ्यावर पडतो, पाण्यावर पडत नाही." मी वीस वर्षं हेच वाक्य माझ्या पोरांना सांगत आलेय. त्या दिवशी ते कुणीतरी मला सांगायला हवं होतं, आणि ज्यानं सांगायचं त्याला खडूनं लिहावं लागलं.

डॉक्टर गेल्यावर त्यांनी सावकाश पूर्ण वाक्य लिहिलं. मी भिंतीकडं बघत उभी राहिले. वळून वाचलं: "मला शिरा खायचाय."

दिवाळीनंतर सर घरी आले. झडप काही बसली नाही, ते अन्ननलिकेतून बोलायला शिकले. हवा घोटासारखी गिळायची आणि ढेकरेसारखी वर आणून तिचे शब्द करायचे. काकू म्हणाल्या, "चाळीस वर्षं जेवताना ढेकर देऊ नका म्हणून ओरडले, आता म्हणते द्या, अजून द्या." शब्द तीन-चारच निघतात, घोगरे. तलावावरच्या गोंगाटात ऐकू येत नाहीत.

मार्चमध्ये ते तलावावर आले. गळ्यावर पांढरा मलमलचा रुमाल, धूळ आणि शिंतोडे जाऊ नयेत म्हणून. खुंटीवरची शिट्टी काढली, तोंडात धरली आणि फुंकली. काहीच वाजलं नाही. रुमाल तेवढा हलला. हवा गळ्यातून गेली. बाजूला पंधरा-वीस पोरं उभी होती. सरांनी शिट्टीकडं जणू ती बिघडली आहे असं बघितलं आणि माझ्या हातात दिली.

पोरांना आवरायला मग टाळ्या वाजवून बघितल्या, थाळी आणली. डोकं पाण्यात असलेल्याला टाळी कशी ऐकू जाणार? उपाय सापडला तो योगायोगानं. पंप दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीचा पाना लोखंडी शिडीवर पडला आणि बुडी मारलेली सगळी पोरं एकदम वर आली. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगानं. त्यामुळे तो कुठल्या बाजूनं आला हे कानाला कळत नाही. डोक्याच्या आतच वाजल्यासारखा वाटतो. सरांनी पाना मिस्त्रीला परत दिला नाही. एक ठोका म्हणजे थांबा. दोन म्हणजे कोपर वर. सलग टकटक म्हणजे पाय. ठोका कुणासाठी आहे हे पाण्यातल्याला कळत नसल्यामुळे दोन वाजले की सहाही लेनमधली कोपरं वर जातात. पूर्वी सर नाव घेऊन ओरडायचे, तेव्हा एकाचंच जायचं.

तपासणी दर तीन महिन्यांनी असते. पुढची श्रावणात. बरं झालं का, असं कुणी विचारलं की काकू "हाय की" म्हणतात आणि विषय संपवतात. सर उथळ बाजूच्या पायरीवर, मांडीएवढ्या पाण्यात बसतात आणि भित्र्या पोरांच्या पाठीखाली हात धरतात. त्याच्या पुढं जात नाहीत. पोहायच्या नळीचा तो कागद त्यांच्या कपाटात आहे, काकूंनी सांगितलं. मी विचारलेलं नाही.

बायकांची बॅच साडेदहाला संपते. मग तलाव रिकामा असतो आणि मी माझ्यासाठी वीस लॅप्स मारते. चव्वेचाळीस वर्षांची बाई, कुठल्या स्पर्धेला जायचंय आता? परवा अशीच निघाले. पहिल्याच लॅपला कानात दोन ठोके. कोपर उचललं. वळून परत निघाले. पुन्हा दोन. तलावात माझ्याशिवाय कुणी नव्हतं, त्यामुळे ते कुणासाठी हा प्रश्न नव्हता. उचललं, खांदा भरून आला तरी उचललेलं ठेवलं. तिसऱ्या लॅपला शिडीच्या जवळून जाताना पायरीवरचे त्यांचे पाय पाण्यात दिसले, पांढरे, सुरकुतलेले.

टक. टक.