लागले की नाही?

संगणकावरील खेळ रचणाऱ्याची पत एका प्रश्नावर ठरते: लागले की नाही? पडद्यावर चेंडू भिंतीवर आदळताना दिसतो. प्रत्यक्षात आदळत काहीच नाही, असतात ते केवळ आकडे. प्रत्येक वस्तूभोवती एक अदृश्य आयत कल्पायचा आणि दोन आयत आडव्या व उभ्या, दोन्ही दिशांनी एकमेकांवर येतात का, हे पाहायचे. एकाही दिशेने फट उरली, तर स्पर्श झाला नाही.

हिशेब सोपा, पसारा मोठा. १०० वस्तूंच्या जोड्या होतात ४,९५० आणि तपासणी बहुधा सेकंदाला ६० वेळा. म्हणून जाणता रचनाकार पडद्याचे कप्पे पाडतो व शेजाऱ्यांचीच गाठ घालून पाहतो. वेगवान गोळी तर दोन तपासण्यांच्या मध्येच पातळ भिंत ओलांडून जाते. तेथे तिचे स्थान नव्हे, सारा मार्ग तपासावा लागतो.

मात्र खरी कसोटी कामाच्या वाटणीची. स्पर्श ओळखणाऱ्याने नोंद तेवढी करावी. गुण द्यावा की प्राण घ्यावा, हा निवाडा दुसऱ्याने करावा. पेढीवर रोजकीर्द लिहिणारा मुनीम उधारी माफ करीत नाही, तसेच हे. दोन्ही कामे एकत्र कालवली, की नवी वस्तू येताच जुना हिशेब बिघडतो.

जपानी ‘दानमाकु’ खेळांत विमानाचा आयत त्याच्या चित्राहून मुद्दाम लहान ठेवतात. निसटता वार खेळाडूच्या पदरात सूट म्हणून पडतो. हरणाऱ्यालाही आपण न्यायाने हरलो असे वाटावे, यासाठीच ही मोजदाद.