ट्रान्सफरनंतरची सुई

ॲक्युपंक्चरमधला स्प्लीन सहा हा माझा लाडका पॉइंट. पाळीची कुठलीही तक्रार घेऊन बाई आली की माझा हात आधी तिच्या घोट्याकडे जातो. अडतं ते फक्त एम्ब्रियो ट्रान्सफरनंतर. नागपूरला धंतोलीत ट्रान्सफर झालेली बाई वर्धा, पुलगाव करत धामणगावला उतरते आणि एक-दोन दिवसांत माझ्या टेबलावर असते. तिला गरोदर धरायचं की नाही? बीटा एचसीजीचा रिपोर्ट यायला जवळपास दोन आठवडे. तोवर स्प्लीन सहाला टोचायचं की नाही, यावर मी इतकी वर्षं स्वतःशीच भांडते आहे.

गुरुजनांचा दंडक असा की गरोदर बाईला स्प्लीन सहा आणि लार्ज इंटेस्टाइन चार वर्ज्य. दोन्ही खाली ओढणारे. आणि 2002 साली जर्मनीत पाउलुस मंडळींनी काय करावं? 160 बायका घेतल्या, निम्म्यांना ट्रान्सफरच्या आधी आणि नंतर 25-25 मिनिटं सुया लावल्या, आणि नंतरच्या सुयांत नेमके हेच दोन पॉइंट! सुया लावलेल्यांत गर्भ राहिला 42.5 टक्क्यांना, बाकीच्यांत 26.3. दंडक मोडून मिळालेला हा आकडा मी दंडक पाळत मिरवला. येणाऱ्या प्रत्येक जोडप्याला तो ऐकवायचे, वर स्वतःच शोध लावल्यासारखा चेहरा करायचे.

पुढे 2018 साली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा मोठा अभ्यास आला. 848 बायका. अर्ध्यांना खऱ्या सुया, अर्ध्यांना कातडीत न शिरणाऱ्या खोट्या, त्याही पॉइंट सोडून. बाळ हातात आलं 18.3 टक्के आणि 17.8 टक्के. म्हणजे फरक नाहीच.

हा आकडा मी बरीच वर्षं कोणाला ऐकवला नाही. माझ्याकडे शिकायला आलेल्या पोरीनं तो स्वतःच वाचला आणि विचारलं, "मॅडम, मग स्प्लीन सहा लावला काय न नाही लावला काय, भांडण कशाचं?" राग आला. त्यातून माझा उजवा अंगठा आता बधिरतो. सुई आत धरली गेल्याचं, ज्याला आम्ही डे-ची म्हणतो, ते पूर्वीसारखं बोटाला कळत नाही. तिच्या बोटाला कळतं. बायकाही हल्ली तिलाच मागून घेतात, तेही मला खुपतं.

तरी ट्रान्सफर झालेल्या बाईच्या पायाला मी सुई लावू देत नाही. माथ्यावर एक, मनगटांच्या आत दोन, बस. बायकांची छाती धडधडायची थांबते, कोणी तर टेबलावरच घोरते. सोबतची सासू म्हणते, "पायाले बी टोचून द्या ना जी, पैसे तं पुरेच देतो." नाही म्हणताना मी गुरूंचं नाव पुढे करते. खरं कारण वेगळं आहे. गर्भ नाही राहिला तर बोट त्या सुईकडे जाईल, याची मला धास्ती. राहिला तर पेढे मात्र माझ्याकडेही येतात. इंजेक्शनं, लॅब, सगळी मेहनत नागपूरच्या डॉक्टरांची, आणि पेढा खाताना मला वाटतं, आपलाच हात. अजूनही वाटतं.

आमच्या धंद्यातल्यांबद्दल काय बोलावं! महाराष्ट्रानं ॲक्युपंक्चरचा 2015 चा कायदा केला, 2019 ला केंद्रानं मान्यता दिली, तरी चार दिवसांच्या शिबिरात शिकून "हमखास संतती"चे बोर्ड लागतातच. संमेलनात सोलापूरच्या डॉ. कोटणीसांचा फोटो लावून हार घालतात. कोटणीस 1938 साली चीनला गेले ते जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करायला. सुया भारतात आणल्या त्यांच्याच पथकातल्या डॉ. बिजय बसूंनी, कलकत्त्याला. त्यांचा फोटो मला कुठे दिसला नाही.

आता भिंतीवर मी दोन्ही आकडे लावले आहेत, 2002 चा आणि 2018 चाही. पोरीनं लावायला लावले. वाचून काही जोडपी परत जातात, जावोत. राहतात त्यांना एवढंच सांगते: सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला लावा, नागपूरच्या डॉक्टरांना माझ्याबद्दल सांगून ठेवा, आणि सोनोग्राफीची तारीख न माझी वेळ एकाच दिवशी आली तर नागपूरची गाडी पकडा.