खरारा

दर दीड महिन्याला 1,200 रुपये. पुण्यात बंडूच्या सलूनचा हा दर. वर्षाला आठ फेऱ्या धरल्या तर 9,600. पगार जमा झाल्याचा मेसेज आला की हा आकडा मला कधी जाणवायचा नाही. वर्क फ्रॉम होम घेऊन वैरागला आलो आणि तो आप्पांच्या कानावर गेला.

"माझी कटिंग 80 रुपयात होती," एवढंच म्हणाले. तुरीला काय भाव मिळाला हे त्याच आठवड्यात कळलं होतं, त्यामुळे मी वाद घातला नाही.

तसंही वैरागहून सलूनसाठी सोलापूर गाठायचं म्हणजे सुमारे 50 किलोमीटर, तेही उन्हाळ्यात, चाळिशीपार पाऱ्यात. म्हणून सामान मागवलं: तारांचा ब्रश, स्टीलचा कंगवा, नखं कापायचं कटर आणि कुत्र्यांचा शाम्पू. सगळं मिळून 1,200. एका फेरीचेच पैसे.

बंडू स्पिट्झ आहे. आपल्याकडे सगळे ज्याला पॉमेरियन म्हणतात, तो पांढरा, झुबकेदार शेपटीचा. आप्पांचा पहिला सल्ला होता, "मेंढरागत कातरून टाक, गार वाटंल." पण मेंढीची लोकर आणि याचे केस यात फरक आहे. स्पिट्झला केसांचे दोन थर असतात: वर लांब, राठ केस आणि आत मऊ लव. हे थर ऊनही अडवतात. मुळापासून कातरले तर कातडी उन्हात उघडी पडते आणि केस पुन्हा पहिल्यासारखे येतील याची खात्री नसते. आतली गळालेली लव विंचरून काढली की हवा खेळते. गारव्यासाठी तेवढं पुरतं.

बाकीचं हळूहळू जमलं. अंघोळीआधी विंचरायचं, कारण गुंता ओला झाला की घट्ट बसतो. आपला शाम्पू वापरायचा नाही. माणसाची त्वचा आम्लधर्मी, कुत्र्याची त्यामानाने उदासीन, त्यामुळे ती कोरडी पडून खाज सुटते. कानात पाणी जाऊ द्यायचं नाही. नखाच्या आत रक्तवाहिनी असते. पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते, काळ्यात दिसत नाही, म्हणून काळं नख थोडंथोडंच कापायचं. रक्त आलंच तर कॉर्नफ्लॉवर लावून दाबून धरायचं.

मी हे सगळं व्हिडिओ बघून शिकत होतो. आप्पा ओट्यावरून बघत होते. एका रविवारी उठले आणि माझ्या हातातून ब्रश घेतला. "खरारा असा करत्यात व्हय?"

त्यांनी आयुष्यभर बैलांना खरारा केलाय. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळताना मी लहानपणी बघितलंय. ट्रॅक्टर आला, बैल गेले, पण हाताची सवय राहिली. एका हाताने ब्रश, दुसरा हात मागोमाग कातडीवरून. मी केस बघत होतो, ते जनावर चाचपत होते.

पुढच्या महिन्यात त्यांचा हात बंडूच्या कानामागे थांबला. गोचीड. मग पंजाच्या बोटांत दोन. "दोन दिस झालं खात बी नाय नीट," ते म्हणाले. हिरड्या फिकट होत्या, अंग तापलेलं. त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं, प्लेटलेट कमी. गोचीडताप. कुत्र्यांवरची तपकिरी गोचीड एर्लिकिया नावाचा जिवाणू पसरवते. वेळेत कळला तर गोळ्यांनी बरा होतो, अंगावर काढला तर जीव जातो. बंडूला चार आठवडे औषध चाललं. तो वाचला.

घरी एक डबा होता, गुरांच्या गोचिडांच्या औषधाचा. ते बंडूला लावायचं का, असं मी विचारलं तेव्हा डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. गुरांची मात्रा वेगळी, शिवाय कुत्रा अंग चाटतो. आता गोचीड दिसली की चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढतो. रॉकेल वगैरे काही नाही. दरवर्षीची रेबीजची लस आणि डॉक्टरांनी सांगितलेलं गोचिडांचं औषध, या दोन गोष्टींत बचत करायची नाही असंही ठरलंय.

हिशोब सांगायचा तर सलूनचे वाचलेले बरेचसे पैसे तपासण्या आणि गोळ्यांत गेले. मित्र विचारतो, मग फायदा काय झाला? मी त्याला सांगतो, घरात पुन्हा एक जनावर आहे आणि आप्पांच्या हाताला पुन्हा काम आहे. पुढच्या महिन्यापासून ऑफिसला बोलावलंय. बंडू कुठे राहणार, हे आप्पांनी मला विचारलेलं नाही. ब्रश मात्र त्यांनी कोनाड्यात, आपल्या दाढीच्या सामानाशेजारी ठेवलाय.